आधी खोलीचं तापमान वजा करा

मे महिन्याच्या दुपारी पुसेगावात पत्र्याच्या खोलीत गेम लावला की ग्राफिक्स कार्डाचा आकडा 86 वर जातो. तेच कार्ड, तोच गेम, डिसेंबरच्या रात्री 64 वर निवांत चालतो. मधल्या पाच महिन्यांत कार्ड बिघडलेलं नसतं. खोली 20 अंशांवरून 42 अंशांवर गेलेली असते, एवढंच. तरी उन्हाळा लागला की 'कार्ड फार तापतंय, विकून टाकू का?' हा प्रश्न ठरलेला. आणि दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं: पेस्ट बदलू, पंखे वाढवू, नाहीतर नवीन घेऊ.

(हे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं साताऱ्याकडचं पुसेगाव वेगळं. तिकडच्या हवेत हा लेख वाचणाऱ्यांनी आकडे थोडे खाली धरावेत.)

कार्डावरचा पंखा हवा थंड करत नाही, नुसती ढकलतो. चिपमधली उष्णता तांब्याच्या नळ्यांतून हीटसिंकच्या पात्यांत जाते आणि पंखा ती खोलीतल्या हवेच्या हवाली करतो. म्हणजे खोलीतली हवा जेवढी गरम, त्याच्या वरच कार्डाची मोजणी सुरू होते. म्हणून काहीही करण्याआधी एक वजाबाकी करा. शंभर-दोनशे रुपयांना मिळणारा साधा तापमापक कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, जिथून हवा आत जाते तिथे ठेवा. मोबाइलवरचं हवामान चालणार नाही, ते बाहेरचं असतं, आणि पत्र्याखालची खोली बाहेरच्यापेक्षा गरम असू शकते. अर्धा तास गेम चालू द्या. मग कार्डाच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा करा.

पंखे असलेल्या साध्या कार्डांत हा फरक पूर्ण भारावर 45 ते 50 अंशांच्या आसपास आला तर कार्ड ठणठणीत आहे. तुमची लढाई खोलीशी आहे. फरक 60 च्या पुढे गेला तर मात्र कार्डाच्या नाहीतर कॅबिनेटच्या पोटात काहीतरी अडलंय. पुढचं सगळं या एका आकड्यावर ठरतं. हा आकडा न काढता पेस्ट बदलायला निघणं म्हणजे ताप न मोजता सलाइन लावणं.

यूट्यूबवरच्या चाचण्यांत कार्ड 65 अंशांवर दिसतं ते वातानुकूलित खोलीत, तिथली हवा 22-23 अंशांची असते. त्या आकड्याशी आपला आकडा लावून उगाच जीव खाली-वर करू नका. बहुतेक तयार संगणकांच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान 35 अंशांपर्यंत दिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची खोली ही मर्यादा दुपारभर ओलांडून बसलेली असते, आणि ही गोष्ट संगणक विकणारा कोणी सांगत नाही.

आकडा पाहायचा कुठे? विंडोज 10 च्या 2020 मधल्या मोठ्या अपडेटपासून टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' भागात जीपीयूचं तापमान दिसतं. पण गेममधून बाहेर येऊन पाहीपर्यंत ते उतरलेलं असतं. म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर टाका. दुसऱ्या कंपनीच्या कार्डावरही चालतं आणि गेमच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं. एचडब्ल्यूइन्फो टाकलं तर आणखी दोन गोष्टी कळतात: हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू, आणि काही कार्डांत मेमरीचं तापमान. ही सॉफ्टवेअर त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. मित्राच्या पेनड्राइव्हमधून आलेल्या फाइलीबरोबर बऱ्याचदा तुमच्या कार्डावर दुसऱ्यासाठी क्रिप्टोचं मायनिंग करणारा प्रोग्रॅमही येतो. गेम बंद असताना, नुसता डेस्कटॉप उघडा असताना कार्ड 70 च्या वर आणि जीपीयूचा वापर 90 टक्के दिसला तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

घाबरायचं कधी? आरटीएक्स 3060 साठी कंपनीने दिलेली कमाल मर्यादा 93 अंश आहे, आरटीएक्स 4060 साठी 90. एएमडीच्या अलीकडच्या कार्डांत हॉटस्पॉट 110 अंशांपर्यंत जाऊ शकतो असं कंपनीच सांगते. मर्यादा जवळ आली की चिप आपणहून वेग कमी करते. गेम अडखळतो, एफपीएस (सेकंदाला काढलेली चित्रं, म्हणजे फ्रेम) निम्म्यावर येतो. हा बिघाड नाही, चिपचं स्वतःला वाचवणं आहे. पण रोज दुपारी तिला तेच करायला लावणं शहाणपणाचं नाही. पंख्यांचे बेअरिंग, मेमरी आणि व्होल्टेज सांभाळणारे भाग त्यात झिजतात. 80 च्या आत असाल तर गेम खेळा. 80 ते 87 मध्ये पुढचे उपाय करा. त्याच्या वर सतत राहत असेल तर गेम थांबवा आणि कारण शोधा.

आता कारण. कॅबिनेटची बाजूची पाटी किंवा काच काढा आणि तोच गेम पुन्हा तेवढाच वेळ चालवा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर कार्ड निर्दोष, कॅबिनेटला श्वास घेता येत नाहीये. दोन-तीन अंशच उतरलं तर अडचण कार्डाच्या स्वतःच्या कूलरमध्ये आहे. ही परीक्षा फुकट आहे, आणि पैसे खर्च करण्याआधी ती प्रत्येकाने करावी असं माझं ठाम मत आहे. पाटी कायमची उघडी ठेवणं मात्र आपल्याकडे परवडत नाही: धूळ आहे, पाली आहेत, आणि घरात लहान मूल असलं तर पंख्यात बोट आहे.

कॅबिनेट गुदमरण्याची कारणं घरोघरी सारखीच. एक तर तो टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला असतो, मागची बाजू भिंतीला टेकलेली. मागे निदान वीतभर जागा सोडा. दुसरं, पुढची बाजू सपाट काचेची. दिवे छान दिसतात, हवा मात्र कडेच्या बोटभर फटीतून आत जाते. तिसरं, सतरंजीवर किंवा गादीवर ठेवलेला कॅबिनेट. पॉवर सप्लायचा पंखा खालून हवा ओढतो, ती वाटच बंद. चौथं मजेशीर आहे: पंखे उलटे लावलेले. पंख्याच्या ज्या बाजूला मधल्या मोटारीला धरणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे पंखे आत ओढणारे, मागचा आणि वरचा बाहेर फेकणारा, असं हवं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवलीत तर धूळ प्रत्येक फटीतून न शिरता फक्त जाळीतून येते, आणि जाळी धुता येते.

धुळीवर जरा थांबायला हवं, कारण शहरातल्या मार्गदर्शकांत आपली धूळ नसते. आपल्याकडे ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी चालते, तेव्हा बारीक भुसकट गावभर उडतं. त्यामागे कापसाचे तंतू. उन्हाळ्यात हळद शिजवून, वाळवून ड्रममध्ये पॉलिश होते, तेव्हाची पिवळी भुकटी वेगळीच. नुसती कोरडी माती पात्यांवर बसते आणि फुंकरीने उडते. कापसाचा तंतू मात्र हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकतो, त्यावर भुसकट बसतं, आणि वर्षभरात पंख्याच्या मागे नमद्यासारखा थर तयार होतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो. विजेरी घेऊन पंख्याच्या पात्यांमधून आत पाहिलं तरच तो थर दिसतो. घरातच कापूस साठवला असेल तर तो संगणकाच्या खोलीत नको.

सफाई करायची ती अशी. संगणक बंद करून प्लग काढा, चालू करायचं बटण एकदा दाबा म्हणजे उरलीसुरली वीज जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. कार्डाला जोडलेली वीजतार काढा, मागचा स्क्रू सोडवा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबा आणि कार्ड सरळ ओढून काढा. खिट्टी न दाबता ओढलं तर स्लॉट तुटतो. मग रंगकामाचा मऊ ब्रश आणि विजेवरचा छोटा ब्लोअर. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा. पंखा वाऱ्याने गरगर फिरला की मजा वाटते, पण तो त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा जास्त फिरून बेअरिंग खराब करतो आणि उलटी वीजही तयार करतो.

कार्ड घेऊन पंक्चरच्या दुकानात जाऊ नका. तिथल्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो. धूळ उडते, पण पात्यांवर तेलकट थर राहतो आणि पुढची धूळ त्याला चिकटते. ओलं फडकं नको. घरातला व्हॅक्यूम क्लीनर कार्डाला टेकवू नका, त्याच्या प्लास्टिकच्या तोंडावर स्थिर वीज जमते. मळणी संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा, अशी दोनदा सफाई पुसेगावसारख्या गावात पुरते.

इथे एक गैरसमज मोडायला हवा. बऱ्याच नव्या कार्डांचे पंखे साधारण 50-60 अंशांच्या खाली फिरतच नाहीत. आवाज होऊ नये म्हणून तशी रचनाच असते. डेस्कटॉपवर पंखा थांबलेला पाहून तो जळाला असं समजू नका. गेम लावून पाहा. गेममध्येही एक पंखा फिरत नसेल, किंवा हलक्या हाताने फिरवला की खरखरत असेल, तर तो गेला. त्याच्या मधल्या स्टिकरवर नंबर असतो. त्या नंबरचा पंखा ऑनलाइन मिळतो आणि कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. मिळालाच नाही तर हमी संपलेल्या कार्डावर चालणारा जुगाडही आहे: प्लास्टिकचं आवरण आणि जुने पंखे काढून हीटसिंकवर कॅबिनेटचे दोन 120 मिलिमीटरचे पंखे केबल-टायने बांधायचे आणि त्यांची तार मदरबोर्डला जोडायची. दिसायला गबाळं, पण बऱ्याच कार्डांत मूळ पंख्यांपेक्षा थंड चालतं.

आता ज्याला एक रुपया लागत नाही आणि जो सगळ्यात जास्त गुण देतो तो उपाय. तुमचा मॉनिटर 60 हर्ट्झचा आहे आणि व्हॅलोरंटसारखा हलका गेम कार्ड सेकंदाला 200 चित्रांनी काढतंय. मॉनिटर त्यातली 60 दाखवतो. बाकीची मेहनत नुसती उष्णता होऊन खोलीत जाते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' 60 करा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी सोय आहे. स्पर्धात्मक खेळणारे म्हणतील की जास्त फ्रेम असल्या की हात लवकर पोचतो. खरंय थोडं. मेच्या दुपारी ते विसरा, रात्री मर्यादा काढा.

फ्रेमला मर्यादा नसली की काय होतं याची उदाहरणं जगभर गाजलेली आहेत. 2010 मध्ये स्टारक्राफ्ट 2 आला तेव्हा लोकांची कार्डं लढाईत नव्हे, साध्या मेनूत तापत होती. मेनूत काढायला काही नसल्याने कार्ड बेफाम वेगाने तेच चित्र पुन्हापुन्हा काढत होतं. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने सेटिंगच्या फाइलीत फ्रेमची मर्यादा टाकायला सांगितलं. 2021 च्या जुलैमध्ये अॅमेझॉनच्या न्यू वर्ल्डच्या चाचणीत काही आरटीएक्स 3090 कार्डं मेलीच. कार्डं बनवणाऱ्या ईव्हीजीए कंपनीने तपासून सांगितलं की त्या मोजक्या कार्डांची सोल्डरिंग कच्ची होती, आणि अॅमेझॉनने मेनूला फ्रेमची मर्यादा घातली. तेव्हा गेम मेनूत सोडून जेवायला जाऊ नका.

फ्रेमनंतर वीज. आफ्टरबर्नरमध्ये 'पॉवर लिमिट' नावाची पट्टी असते. ती 100 वरून 80 वर आणा. कार्ड पाचवा भाग वीज कमी खातं आणि वेग मात्र सहसा त्याच्या निम्म्यानेही घटत नाही. कारण कंपन्या स्पर्धेपायी कार्डाला शेवटच्या थोड्या वेगासाठी बेसुमार व्होल्टेज देतात. चिपचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 1.05 व्होल्टचं 0.90 केलं आणि वेग तेवढाच राहिला, तर हिशेबाने वीज सुमारे 27 टक्के वाचते. यालाच अंडरव्होल्टिंग म्हणतात. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की त्याचा आलेख उघडतो. प्रत्येक चिप वेगळी, त्यामुळे हळूहळू उतरवत जा. गेम बंद पडला तर एक पायरी वर या. व्होल्टेज कमी केल्याने कार्ड जळत नाही, फार तर संगणक पुन्हा चालू करावा लागतो. पंख्याचा वेगही तिथेच वाढवता येतो; 75 अंशांना 75-80 टक्के वेग ठेवा. आवाज होईल, पण कूलरच्या घरघरीत तो ऐकू कोणाला येणार?

कूलरवरून आठवलं. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खोली पाच-दहा अंशांनी सहज उतरवतो, आणि खोली उतरली की कार्डही जवळपास तेवढंच उतरतं. त्यामुळे कूलर जरूर वापरा. पण त्याचा झोत कॅबिनेटवर सरळ मारू नका. तुषार उडाले तर बोअरच्या पाण्यातला क्षार बोर्डावर पांढरा होऊन बसतो. झोत तुमच्याकडे, कॅबिनेट बाजूला, आणि समोरची खिडकी उघडी. ती बंद असेल तर खोलीत नुसता दमटपणा साठतो. दुसरीकडे संगणकही खोली तापवतो हे लक्षात ठेवा. कार्ड आणि प्रोसेसर मिळून 300 वॅट खात असतील तर ते जुने शंभर वॅटचे तीन पिवळे बल्ब बंद खोलीत जाळल्यासारखंच झालं.

इतकं करूनही फरक 60 च्या वर राहिला तर पेस्टकडे वळा. हॉटस्पॉट आणि साधं तापमान यांत 10 ते 20 अंशांचा फरक चालतो. तो 30 च्या आसपास गेला तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट सुकली आहे किंवा बाजूला सरली आहे. पेस्ट बदलणं कठीण नाही, पण घाईचं काम नाही. स्क्रू तिरपे, समोरासमोरचे, थोडेथोडे सैल करायचे आणि तसेच आवळायचे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. मेमरीवरच्या मऊ पॅडची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचं नवं पॅड घ्यायचं. अर्धा मिलिमीटर जाड झालं तरी हीटसिंक चिपला नीट टेकत नाही आणि आधीपेक्षा वाईट होतं. टूथपेस्ट लावायचा सल्ला कोणी दिला तर त्याला नमस्कार करून निघा.

सगळंच उष्णतेच्या माथी मारू नका. कार्ड 70 वर असताना संगणक फटकन बंद पडला तर ते तापणं नव्हे. स्वस्त पॉवर सप्लाय, संध्याकाळी पडलेलं व्होल्टेज किंवा लहान यूपीएस यांपैकी एक गुन्हेगार असतो. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटपर्यंतच ओढतो. ग्राफिक्स कार्डाने गेममध्ये उसळी मारली की तो हात वर करतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गेम राहू द्या, आधी अर्थिंग करून घ्या.

नवीन घेणाऱ्यांना एकच सल्ला: आपल्या हवेत वॅट बघून कार्ड घ्या. आरटीएक्स 3060 ची कमाल 170 वॅट, त्याच्या पुढच्या पिढीतलं 4060 बहुतेक गेममध्ये त्याच्यापेक्षा वेगवान असूनही 115 वॅट. जुनं आरएक्स 580 स्वस्त मिळतं, पण 185 वॅट खातं. जीटीएक्स 1650 ची बरीच कार्डं 75 वॅटमध्ये, वेगळी वीजतार न लावता चालतात. हलके गेम खेळणाऱ्याला ती पुरतात. सेकंडहँड घेताना जपून. इथेरियमचं मायनिंग 15 सप्टेंबर 2022 ला कार्डांवरून उठलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. विकणाऱ्याकडे अर्धा तास गेम चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि तिथेही खोलीचं तापमान वजा करायला विसरू नका.

कार्ड हमीत असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी कंपनीला ईमेल करून विचारा. काही कंपन्या स्टिकर फाटलं की हमी नाकारतात, काही नाकारत नाहीत. खोलीचं तापमान, कार्डाचं तापमान आणि फरक, तिन्ही आकडे दिसतील असे फोटो जोडा. 'कार्ड गरम होतंय' एवढ्यावर सेवा केंद्र दाद देत नाही. तरी टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पक्कं बिल लागतं, आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घेतलेला असू द्या.